बुजलेली भोकं

गेल्या दिवाळीनंतर आईनं लेसच्या नमुन्यांसाठी घरीच पुठ्ठा तयार केला. मी दुकानातून आणलेला पुठ्ठा तिनं वाकवून पाहिला, कोपऱ्यात नख रुतवलं आणि माझ्याकडे परत सरकवला. "मिठाईच्या डब्याचा हाये हा. याच्यात टाचणी उभी नाई राहत, पेंगते." मग ती छापखान्याच्या मागच्या खोलीत गेली आणि उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे खाली ओढू लागली.

छापखाना बाबांचा, अकोल्यातला. लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापून घर चालतं, पण बाबांच्या लेखी तो चळवळीच्या पत्रकांसाठी आहे. बाकीचं सगळं मधल्या वेळचं. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. 'कमळ' वाचण्याआधी मला 'जाहीर आवाहन' वाचता येत होतं. शाळेच्या वह्यांना कव्हरं असायची ती चुकीच्या छपाईच्या पत्रकांची. माझ्या भूगोलाच्या वहीवर 'जागे व्हा' असं ठळक लिहिलेलं होतं आणि मी वर्गात डुलक्या घ्यायला लागले की मागची पोरं तेच ओरडायची. मला त्याची लाज वाटली नाही. पत्रकात लिहिलेलं खरं असतं आणि ते सगळ्यात आधी आपल्या घराला लागू होतं, असं मी धरून चालले. अजूनही चालते. या लिखाणातला राग तिथूनच आलेला आहे.

आईनं निवडलेला गठ्ठा शेतात राबणाऱ्या बायांना पुरुषांइतकी मजुरी मागणाऱ्या पत्रकाचा निघाला. तिनं मजकूर पाहिला नव्हता, कागद पाहिला होता.

"हे घेऊ का?" तिनं विचारलं.

बाबांनी चष्म्यावरून बघितलं. "घे. वाटून नाही संपलं, चिकटवून तरी संपेल."

तेव्हा आम्ही तिघंही हसलो.

मैद्याची खळ शिजली, तिच्यात आईनं मोरचूद घातलं, म्हणजे कसर आणि झुरळं पुठ्ठा आतून खात नाहीत. एक कागद उभा, त्यावर दुसरा आडवा, पुन्हा उभा. सगळे एकाच दिशेनं लावले तर अकोल्याच्या उन्हाळ्यात पुठ्ठा पापडासारखा वळतो. प्रत्येक थरावरून ती तळहात दाबून फिरवायची आणि अडकलेली हवा कडेला ढकलायची. थर पुरेसे झाल्यावर तो सगळा ओला गठ्ठा दोन फळ्यांमध्ये ठेवला, वर ट्रेडलचे, म्हणजे बंद पडलेल्या जुन्या छपाईयंत्राचे, लोखंडी भाग चढवले. सावलीत सुकल्यावर त्यावर चपड्याचा हात, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. लाख वाळली की पुठ्ठा मधाच्या रंगाचा होतो, ओलसर हाताला धरत नाही आणि टोचलेलं भोक त्याच्यात वर्षानुवर्षं आपल्या जागी राहतं. मजुरीची मागणी त्याच्या पोटात कुठे तरी दिसेनाशी झाली.

हे सगळं कशासाठी, ते सांगायला हवं, कारण आमच्याकडे लेस म्हटलं की लोकांना साडीच्या काठाला शिवतात ती मीटरवर मिळणारी पट्टी आठवते. ही ती नाही. ही हातानं विणतात, पण हिला सुया नाहीत आणि हुकही नाही. भुसा किंवा कुटार ठासून भरलेली दगडासारखी टणक उशी असते. तिच्यावर टोचलेला पुठ्ठा बसवतात. पेन्सिलीएवढ्या लाकडी बॉबिनांवर दोरा गुंडाळलेला असतो आणि त्यांच्या जोड्या एकमेकींवरून ओलांडत, पीळ देत न्यायच्या असतात. दोरे जिथे अडायला हवेत तिथे पुठ्ठ्यातल्या भोकातून उशीत टाचणी खोचायची. शेवटी टाचण्या काढल्या की जाळी सुटी होते आणि पुठ्ठा पुढच्या कामाला मोकळा. म्हणजे सगळी अक्कल भोकांत असते. भोक कणभर सरकलं तर त्या ओळीचा दोरा ढिला पडतो, आणि किनारीचा शेवट सुरुवातीला जुळत नाही.

आई अमरावतीची. कॅम्पात एका जुन्या संस्थेच्या आवारात मुलींचा लेसचा वर्ग चालायचा, तिथे ती परकरी वयापासून जायची. वर्ग ज्या चालवायच्या त्यांना सगळे नुसतं बाई म्हणायचे. मीही तेच म्हणते. आईचा हात लवकर बसला, म्हणून बाईंनी तिला विणण्यावरून उठवून टोचण्यावर बसवलं. जुना पुठ्ठा वापरून वापरून भोकं भोंगळ झाली की त्यावरून नवा टोचून घ्यावा लागतो. ते काम वर्गात दोघींचंच, बाईंचं आणि आईचं.

मग लग्न झालं. चळवळीतलं लग्न, हार घालून, भाषणं करून. आई सासरी उशी घेऊन आली. बाबांनी ती उशी पाहिली, लेस पाहिली आणि विचारलं, "ही झालर शेवटी कोणाच्या टेबलावर जाते?"

आईनं खरं ते सांगितलं: पाहुण्यांच्या, मोठ्या घरच्या, चिखलदऱ्याच्या एखाद्या बंगल्यातल्या.

"असं," बाबा म्हणाले.

एवढंच. आईनं उशी माळ्यावर टाकली. हा प्रसंग बाबा स्वतःच मला कौतुकानं सांगायचे. वर म्हणायचे, "मी तिला बंदी नाही केली हं. मी कोणालाच बंदी करत नाही. मी फक्त प्रश्न विचारतो." पुढे आई त्याच छापखान्यात पत्रकांच्या घड्या घालत बसली. ती पत्रकं कोणाच्या टेबलावर जातात, ते तिला कोणी विचारलं नाही.

गेल्या पावसाळ्यात बाईंचा फोन आला. मधे बंद पडलेल्या वर्गाची खोली संस्थेनं पुन्हा द्यायचं कबूल केलं होतं. आवारातल्या काही पोरी शिकायला तयार होत्या. पण बाईंना काचबिंदू झाला होता आणि डॉक्टरनं सांगितलं होतं की उरलेली नजर राहील तोवर राहील, गेलेली येणार नाही. आई स्पीकरवर बोलत होती म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"नमुने मेले माय सारे," बाई म्हणाल्या. "भोकं का आहे, उंदराची बिळं झाली. तू ये अन् टोचून दे. अन् मंग तूच शिकव. मी पाहीन."

"मी का शिकवू बाई, हात गेला माह्या."

"हात जात नसते. नवरा करून गेली होती तू, हात इथंच होता."

आई खूप हसली. त्यानंतर ती माळ्यावर चढली.

आम्ही दोघी नमुने आणायला अमरावतीला गेलो. बडनेऱ्याला उतरलो, तिथून ऑटो. बाईंनी एका उशीच्या खोळीत गुंडाळलेले जुने पुठ्ठे आईच्या मांडीवर ठेवले. त्यात बहुतेक साध्या अरुंद किनारी होत्या. एक मात्र रुंद होती, बाईंनी स्वतः तरुणपणी आखलेली. परक्या देशातून आलेल्या फुलांचे नमुने टोचून टोचून त्यांना कंटाळा आला, तेव्हा बडनेरा रोडच्या कडेच्या एका वावरातून त्यांनी पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, एक फांदी तोडून आणली आणि ती समोर ठेवून किनार आखली. आधी पाती, म्हणजे कळ्या, मग बंद बोंड, मग फुटलेलं बोंड, पुन्हा पाती. त्याचा पुठ्ठा एकच होता.

"हे आधी पाह्यजे मले," बाई म्हणाल्या. "बाकीचं काही घाई नाई. हे एकदा उशीवर चढलेलं दिसलं पाह्यजे. फुटलेलं बोंड लय कठीण हाये, ते माह्याच हातानं दोनदाच जमलं. तू करशीन."

"करीन बाई."

"डोळे आहे तोवर कर."

आईला काय हवं होतं ते मला तेव्हा कळलं. शिकवायला जायचं तर होतंच. पण त्याआधी ते फुटलेलं बोंड तिला त्या म्हातारीच्या डोळ्यांसमोर विणून दाखवायचं होतं.

नमुना टोचण्याची बाईंच्या वर्गातली एक रीत आहे. जुना पुठ्ठा आणि नवा पुठ्ठा लगेच एकावर एक ठेवून टोचायचा नाही. आधी दोघांना सोबत निजवायचं. हाच शब्द. एकावर एक ठेवून, वजन देऊन, एकाच खोलीत चांगला आठवडाभर ठेवायचं. म्हणजे जी काही हवा प्यायची ती दोघं सारखी पितात, आणि टोचल्यानंतर एक आखडला, दुसरा फुगला असं होत नाही. अमरावतीच्या सावलीच्या खोलीतून अकोल्यात आलेल्या पुठ्ठ्याला तर हे हवंच. आईनं सगळ्या जोड्या छापखान्याच्या मागच्या खोलीत निजवल्या आणि अरुंद किनारी एकेक करून टोचायला घेतल्या. टोच्याच्या लाकडी मुठीत बारीक सुई बसवलेली. सुईचं टोक मेणाच्या गोळीत बुडवायचं, ती अगदी उभी धरायची, झुकली की खालच्या पुठ्ठ्यावरचं भोक सरकलं. तिचं टोचणं ऐकायला मला आवडायचं. बारीक टिक् टिक्, मध्येच थांबणं, श्वास सोडणं. एकदा मी मोबाइलवर तिचा फोटोही काढला: बोंडाच्या किनारीची धूळ झटकताना तिचा हात, बोटात अडकवलेला टोच्या, मागे छापखान्याचा उजेड. ती किनार टोचायची तिनं शेवटासाठी ठेवली होती. "हात पुरता गरम होऊ दे," म्हणायची.

पुठ्ठा बनतोय हे बाबांना माहीत होतं, पण त्यावर काय टोचलं जाणार ते त्यांनी फार उशिरा पाहिलं. एक दिवस पाणी प्यायला ते मागे आले आणि बोंडाच्या शाईनं आखलेल्या पुठ्ठ्यापाशी उभेच राहिले.

"हे काय, कापूस?"

"पऱ्हाटी हाये. बाईनं काढलेली."

"कोणी? त्या वर्गाच्या बाईंनी? वऱ्हाडातला कापूस, वऱ्हाडातल्या कष्टकरी बाईनं…" ते खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर तो प्रकाश आला जो एखादी चांगली ओळ सुचल्यावर येतो. "तू हे कधी बोलली नाहीस!"

आई सुईला मेण लावत राहिली. मला मात्र राहवलं नाही. मी म्हटलं, "बाबा, फुलं होती तोवर ती झालर होती ना? कापूस निघाल्याबरोबर कला झाली?"

"तुला उपरोध चांगला जमतो," ते म्हणाले. "लिहीत जा."

त्या महिन्यात बाबांच्या संघटनेचा मेळावा अमरावतीत होता, एका शाळेच्या सभागृहात, आणि बाबांवर प्रदर्शनाचं काम होतं. कष्टकरी स्त्रियांची हस्तकला असा विषय. बाबा म्हणाले, बोंडाचा नमुना मला दे. आई म्हणाली, नवा टोचून झाला की जुना घ्या, मग मांडा नाही तर डोक्यावर ठेवा. हे माझ्यासमोर झालं. म्हणजे तिनं नाही म्हटलं नव्हतं. फक्त आधी काय आणि मग काय ते सांगितलं होतं.

आई मूर्तिजापूरला मावशीकडे एका साखरपुड्याला गेली. मी तिच्यासोबत होते. परत आलो तर बाबा दारातच उभे, हात पाठीमागे.

"डोळे मीट," ते आईला म्हणाले.

"काहून?"

"मीट तर."

आईनं काही डोळे मिटले नाहीत. बाबांनी हात पुढे केला. त्यात बोंडाचा जुना पुठ्ठा होता, जाड चकचकीत प्लास्टिकमध्ये, चारी बाजूंनी बंद. लॅमिनेशन केलेला.

बाबा त्यांची जुनी पत्रकं अशीच जपतात. जी पत्रकं त्यांना ऐतिहासिक वाटतात ती दुकानातून प्लास्टिकमध्ये बंद करून आणतात आणि भिंतीवर लावतात. त्यांनी वजनाखाली जोडी पाहिली, एकावर एक दोन पुठ्ठे, आणि धरून चालले की टोचून झालं. उचलून बघितलं असतं तर खालचा कोरा दिसला असता. उचललाही त्यांनी, पण वरचाच.

आईनं तो पुठ्ठा खिडकीकडे नेला आणि उजेडासमोर धरला. जिथे भोकांच्या रांगांतून बारीक बारीक उजेड यायला हवा होता, तिथे काहीच नव्हतं. यंत्राच्या उष्णतेनं लाख वितळली होती, भोकांत उतरली होती आणि तिथेच थिजली होती. मधल्या भागात पुठ्ठ्याचे थर फुगून फोड आले होते. वरच्या शाईच्या रेघा त्या फोडांवर पसरल्या होत्या.

"दुकानदार म्हणे, काका, जाड आहे, दोनदा फिरवा लागन," बाबा उत्साहानं सांगत होते. "म्हटलं फिरव. आता शंभर वर्षं काही होत नाही याला."

"नाई," आई म्हणाली. "आता याले काहीच होत नाई."

ती खाली बसली. बाबांना अजून कळलं नव्हतं. मी सांगितलं. ओरडूनच सांगितलं. पत्रक बंद करून टिकतं बाबा, नमुना टोचून टिकतो, याचं भोक बुजवलं की हा मेला. ते आईकडे वळले.

"पण दोन होते ना तिथे?"

"दोन निजले होते," आई म्हणाली. "मले विचारलं काहून नाई?"

"तुला आनंद होईल वाटलं."

"पत्रक घ्याच्या आधी मी तुमाले विचारलं होतं. रद्दी होती ते, तरी विचारलं."

यावर बाबा जे बोलले ते मी विसरणार नाही. ते म्हणाले, "हेतू चांगला होता." याच छापखान्यात छापलेल्या किती पत्रकांत हे वाक्य मालकाच्या, सावकाराच्या, साहेबाच्या तोंडी घालून त्याची सालटी काढलेली आहेत! मी ती पत्रकं वाचत मोठी झाले.

माझ्या मोबाइलमधला फोटो आम्ही मोठा करून छापला. पाती आणि बंद बोंड थोडंफार दिसत होतं. फुटलेल्या बोंडावर आईचा हात होता.

आईनं पुठ्ठा मागितला. प्लास्टिक कापून काही वाचतं का ते बघते म्हणाली. बाबांनी तो तोवर प्रदर्शनाच्या सामानात घातला होता. "मेळाव्याचे दोनच दिवस आहेत. यादी छापून गेली आहे. झालं की पहिल्यांदा तुझ्या हातात देतो." मला वाटलं ती भांडेल. ती म्हणाली, "मले आधी बाईले सांगा लागन," आणि उठून पिशवी भरायला लागली.

मेळाव्याच्या पहिल्याच दिवशी आम्ही बाईंकडे पोचलो. आईनं आडपडदा न ठेवता सांगितलं. माझ्या नवऱ्यानं केलं, मी वजनाखाली ठेवून गावाला गेले होते, बोंड गेलं.

बाई आपली बोटं एकमेकांवर चोळायला लागल्या. मी विचारलं, विणलेला एखादा तुकडा कुठे असेल का, त्यावरून टोचता येईल?

"इथं कोण ठेवते लेस?" त्या म्हणाल्या. "ते जाण्यासाठीच असते पोरी. दोनदा विणलं, दोनदा गेलं." मग आईकडे तोंड करून, "कुठी आहे तो पुठ्ठा? मले ने तथी. बोटाले काही लागते का पाहू."

सभागृह जवळच होतं. आम्ही त्यांना दोन्ही बाजूंनी धरून नेलं. आत गर्दी, माइकवर कोणाचं तरी भाषण, भिंतीला लागून फळ्यांची रांग. टोपल्या, गोधड्या, मातीची भांडी. मधल्या फळ्यावर, उजेड पडेल अशा जागी, बोंडाचा पुठ्ठा. प्लास्टिक इतकं चमकत होतं की त्यात ट्यूबलाइट दिसत होती. खाली बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी.

बाईंनी हात पुढे केला. फळ्यापाशी उभे असलेले संघटनेचे एक काका, ज्यांच्या घरी मी लहानपणी जेवले आहे, चटकन पुढे आले. "आजी, हात नका लावू. प्रदर्शनातलं आहे ते."

बाईंची बोटं तोवर प्लास्टिकवर पोचली होती. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत हळूच फिरवली. पुन्हा फिरवली.

"काच हाये ही," त्या म्हणाल्या. "खाली काय लिवलं वं?"

मी वाचलं: वऱ्हाडातील एका अनाम कष्टकरी स्त्रीची कला.

"अनाम म्हंजे?"

"जिचं नाव माहीत नाही अशी."

बाई हसल्या. तसं हसणं कोणाच्या तोंडून पुन्हा माझ्या कानी पडू नये. "अन् मी कोण हाव मंग? मेली का मी?"

बाबा मंचाजवळून आमच्याकडे येत होते. बाईंना त्यांनी वाकून नमस्कार केला. मनापासून केला, ते मला दिसलं. मी चिठ्ठीकडे बोट दाखवलं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "अगं, आपण व्यक्तीचा उदो उदो करत नाही. पत्रकावर कधी कोणाचं नाव असतं का?"

"तुमचं असतं. खाली. मुद्रक म्हणून."

"ते कायद्यानं लागतं."

आई तोवर फळ्यावरच्या टाचण्या काढायला लागली होती. एक, दुसरी. काका म्हणाले, "वहिनी, अहो वहिनी, संध्याकाळी पाहुणे बघणार आहेत." बाबा म्हणाले, "उद्यापर्यंत थांब ना, एकच दिवस." पुठ्ठा काढून तिनं पदराखाली घेतला आणि त्या टाचण्या काकांच्या हातावर ठेवल्या. चिठ्ठी रिकाम्या फळ्यावर तशीच राहिली. आम्ही बाहेर पडताना माइकवरून कष्टकरी भगिनींनी पुढे यावं असं आवाहन चाललं होतं.

बाईंच्या खोलीत आईनं प्लास्टिक पात्यानं कापलं. ते निघताना पुठ्ठ्याचा वरचा थर घेऊनच निघालं. खालच्या थरात, कडेला, काही भोकं मोकळी सापडली. पातीची बरीच, बंद बोंडाची थोडी. ती फोटोशी ताडून तिनं नव्या पुठ्ठ्यावर टोचली. फुटलेल्या बोंडाच्या जागी नुसता फुगलेला लगदा होता. बाईंना तोंडी सांगता येईना; त्या म्हणायच्या, ते डोक्यात नव्हतं, हातात होतं, आणि हाताला समोर काही दिसायला लागतं. मी म्हटलं, आई, तू तुझ्या मनानं काढ ना, तुला येईल. ती म्हणाली, "मंग ते माह्यं होईन. बाईले त्याईचं पाह्याचं हाये."

वर्ग सुरू झाला आहे. आई आठवड्यातले निम्मे दिवस अमरावतीला असते. पोरी अरुंद किनारी शिकतात, बॉबिनांचा गुंता करतात, एकमेकींना चिडवतात. आता बाबा छापखान्यात पत्रकांच्या घड्या स्वतः घालतात. कोणी विचारलं तर सांगतात की प्रदर्शन फार चांगलं झालं. वर्गात मात्र ते अजून आलेले नाहीत. चूक झाली असं ते माझ्यापाशी एकदा म्हणाले. आईपाशी म्हणा, म्हटलं. म्हणाले, तिला कळतं.

मागच्या आठवड्यात मी वर्गात गेले होते. आईच्या उशीवर बोंडाची किनार चढली आहे. पाती, बंद बोंड, आणि त्यापुढे तिनं साधी जाळी घातली आहे, फुटलेल्या बोंडाएवढी मोकळी जागा, मग पुन्हा पाती. बाईंना आता समोर नुसती उजेडाची आणि अंधाराची हालचाल कळते. त्या उशीशेजारी खुर्चीवर बसतात आणि आईचे हात थांबले की वाकून विचारतात.

"फुटलं का वं?"

"नाई, बाई," आई म्हणते आणि पुढची जोडी उचलते.